ॲमिनो आम्लांच्या उत्पादनासाठी विकर अभियांत्रिकी

विकरांच्या (एंझाइमांच्या) रचनेत हेतुपुरस्सर बदल घडवून त्यांना एखाद्या ठरावीक कामासाठी अधिक योग्य बनवण्याच्या तंत्राला विकर अभियांत्रिकी असे म्हणतात. शुद्ध ॲमिनो आम्लांच्या औद्योगिक उत्पादनात या तंत्राचा उपयोग प्रामुख्याने तीन हेतूंनी केला जातो : आम्लाच्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी हवे तेच रूप मिळवणे, कारखान्यातील उष्णता व तीव्र द्रावणे सहन करून विकर दीर्घकाळ कार्यक्षम राहील असे करणे, आणि सूक्ष्मजीवाच्या पेशीत आम्लाच्या निर्मितीवर असलेले नैसर्गिक नियंत्रण सैल करणे.

निसर्गातील विकरे पेशीच्या गरजेप्रमाणे घडलेली असतात. पेशीला एखादे ॲमिनो आम्ल अल्प प्रमाणात आणि गरज असेल तेव्हाच लागते. कारखान्याला तेच आम्ल टनांच्या हिशेबात, अखंडपणे आणि शुद्ध स्वरूपात हवे असते. या दोन गरजांमधील अंतर भरून काढणे हे विकर अभियांत्रिकीचे कार्य आहे. विकराच्या शेकडो घटकांपैकी एक-दोन घटक बदलल्यानेही संपूर्ण उत्पादनप्रक्रियेचे गणित बदलू शकते, हे या क्षेत्रातील अनेक उदाहरणांतून दिसून आले आहे.

दोन प्रतिबिंबरूपे

निसर्गातील प्रथिने मुख्यत्वे २० ॲमिनो आम्लांपासून बनलेली असतात. त्यांपैकी ग्लायसीन वगळता प्रत्येक आम्लाच्या मध्यवर्ती कार्बन अणूला चार भिन्न गट जोडलेले असतात. अशा रेणूची दोन रूपे संभवतात. उजवा व डावा हात जसे एकमेकांची प्रतिबिंबे असूनही एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तशीच ही दोन रूपे असतात. त्यांना एल-रूप व डी-रूप अशी नावे आहेत. सजीवांच्या प्रथिनांमध्ये एल-रूपातील आम्लेच आढळतात. डी-रूपातील काही आम्ले जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत व काही प्रतिजैविकांत असतात.

दोन्ही रूपांचा वितळबिंदू, घनता व सामान्य द्रावकांतील विद्राव्यता सारखीच असते. ध्रुवित प्रकाशाचे प्रतल ती परस्परविरुद्ध दिशांना वळवतात, एवढाच भौतिक फरक सहज मोजता येतो. त्यामुळे नेहमीच्या रासायनिक क्रियेने ॲमिनो आम्ल तयार केल्यास दोन्ही रूपे समसमान प्रमाणात मिळतात आणि ती वेगळी करणे कठीण व खर्चिक ठरते. अशा समप्रमाणातील मिश्रणाला रेसमिक मिश्रण म्हणतात.

विकराला मात्र हा फरक ओळखता येतो. विकर स्वतः एल-ॲमिनो आम्लांचेच बनलेले असते. त्यामुळे ज्या खोबणीसारख्या जागेत रासायनिक क्रिया घडते, त्या सक्रिय स्थानालाही स्वतःची अशी बाजू असते. डाव्या हाताच्या मोज्यात उजवा हात नीट बसत नाही, त्याप्रमाणे एका रूपासाठी घडलेल्या सक्रिय स्थानात दुसरे रूप सहसा बसत नाही. विकरांच्या औद्योगिक महत्त्वाचे मूळ या निवडक्षमतेत आहे.

शुद्धतेची आवश्यकता

ॲमिनो आम्लांचे उपयोग अनेक आहेत. ग्लुटामिक आम्लाचा सोडियम क्षार खाद्यपदार्थांची चव वाढवण्यासाठी वापरतात. मका व सोयाबीन यांवर आधारलेल्या पशुखाद्यात जी आवश्यक ॲमिनो आम्ले कमी पडतात, त्यांची भर लायसीन, मिथिओनिन व थ्रिओनिन मिसळून घातली जाते. ज्या रुग्णांना तोंडाने अन्न घेता येत नाही त्यांना शिरेवाटे ॲमिनो आम्लांची द्रावणे दिली जातात. फिनिलकीटोनमेह या जन्मजात विकारात नेहमीच्या प्रथिनांवर कडक मर्यादा घालावी लागते. अशा बालकांच्या आहारात फिनिलॲलानिन वगळून बाकीच्या ॲमिनो आम्लांचे मिश्रण वापरतात. याखेरीज अनेक औषधांच्या रचनेत ॲमिनो आम्ले घटक म्हणून येतात.

शुद्धतेची गरज उपयोगानुसार बदलते. कोंबड्यांच्या शरीरात डी-मिथिओनिनचे एल-मिथिओनिनमध्ये रूपांतर होऊ शकते. त्यामुळे त्यांच्या खाद्यात रासायनिक पद्धतीने बनवलेले मिश्र मिथिओनिन चालते. लायसीनच्या बाबतीत असे रूपांतर होत नाही. डी-लायसीन प्राण्यांच्या दृष्टीने निरुपयोगी असल्याने पशुखाद्यातही एल-लायसीनच द्यावे लागते.

औषधांच्या बाबतीत चुकीचे रूप अपायकारक ठरू शकते. कंपवातावर डोपा या ॲमिनो आम्लाचा उपयोग १९६०च्या दशकात सुरू झाला, तेव्हा काही चाचण्यांत त्याचे मिश्र रूप मोठ्या मात्रेत देण्यात आले. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या घटल्याचे आढळले. पुढे केवळ एल-डोपा वापरल्यावर लागणारी मात्रा कमी झाली आणि हा दुष्परिणामही टळला.

चुकीच्या प्रतिबिंबरूपाइतकीच इतर सूक्ष्म अशुद्धीही धोकादायक असू शकते. १९८९ मध्ये अमेरिकेत पूरक आहार म्हणून एल-ट्रिप्टोफॅन घेणाऱ्या अनेकांना तीव्र स्नायुदुखी आणि रक्तातील इओसिनरागी पेशींची अवाजवी वाढ, अशी लक्षणे दिसू लागली. १,५००हून अधिक रुग्णांची नोंद झाली व ३०हून अधिक मृत्यू झाले. बहुतेक रुग्णांनी घेतलेले ट्रिप्टोफॅन एकाच उत्पादकाकडून आलेले होते. तेथे जनुकीय बदल केलेल्या जिवाणूचे नवे वाण वापरात आणले गेले होते आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातील सक्रिय कोळशाचे प्रमाणही कमी केले गेले होते. दोन बदल एकत्र झाल्याने दोष नेमका कोणाचा, हे वेगळे करून दाखवणे कठीण झाले. वजनाच्या हिशेबाने ते ट्रिप्टोफॅन बरेच शुद्ध होते. संशय होता तो त्यातील अत्यल्प प्रमाणातील उपद्रव्यांवर. उत्पादनप्रक्रियेत बदल केल्यावर अंतिम पदार्थाची नव्याने कसून तपासणी करणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

ऐतिहासिक आढावा

टोकियो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या सागरी शैवालापासून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि शैवालाच्या रशाची विशिष्ट चव त्याच्यामुळे येते, असे दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच्या क्षाराचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्या काळी गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन तीव्र आम्लात उकळून ग्लुटामिक आम्ल मिळवत. या पद्धतीत एल-रूप मिळत असे, परंतु प्रथिनातील सर्व ॲमिनो आम्लांच्या मिश्रणातून हवे ते आम्ल वेगळे करावे लागे.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधील क्योवा हाक्को या कंपनीत शुकुओ किनोशिता व त्यांचे सहकारी यांना कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा मातीतील जिवाणू सापडला. बायोटिन हे जीवनसत्त्व मर्यादित ठेवल्यास तो साखरेपासून ग्लुटामिक आम्ल तयार करून ते पेशीबाहेर सोडत असे. या शोधामुळे किण्वनपद्धतीचा पाया घातला गेला. आज ग्लुटामिक आम्ल व लायसीन यांचे उत्पादन मुख्यत्वे किण्वनानेच होते. एकट्या लायसीनचे जागतिक उत्पादन वर्षाला २० लाख टनांहून अधिक आहे.

विकरांचा थेट उपयोग हा याला समांतर असा दुसरा प्रवाह आहे. ओसाका येथील तानाबे सेइयाकू या औषधकंपनीत इचिरो चिबाता, तेत्सुया तोसा व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ॲमिनोॲसायलेज हे बुरशीपासून मिळवलेले विकर एका अविद्राव्य आधारद्रव्यावर बांधून स्तंभात भरले. या स्तंभातून ॲसिटिल गट जोडलेल्या मिश्र ॲमिनो आम्लांचे द्रावण सोडले की विकर केवळ एल-रूपावरील ॲसिटिल गट काढून टाकी. मोकळे झालेले एल-आम्ल वेगळे करून घेत, तर उरलेले डी-रूप उष्णतेने पुन्हा मिश्र रूपात आणून स्तंभात परत सोडत. अशा प्रकारे आधारद्रव्यावर स्थिर केलेल्या विकराला निश्चलीकृत विकर म्हणतात. त्याचा औद्योगिक प्रमाणावर झालेला हा पहिला उपयोग मानला जातो.

याच गटाने १९७३ मध्ये विकराऐवजी संपूर्ण जिवाणुपेशीच जेलमध्ये बंदिस्त केल्या. एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूतील अस्पार्टेज या विकराच्या साहाय्याने फ्युमारिक आम्ल व अमोनिया यांपासून एल-अस्पार्टिक आम्ल बनवले जाऊ लागले. या टप्प्यापर्यंत विकरे निसर्गात जशी आढळली तशीच वापरली जात होती. सोय होती ती त्यांना स्थिर करण्याची आणि पुन्हा पुन्हा वापरण्याची.

नैसर्गिक विकरांच्या मर्यादा

निसर्गातून मिळालेले विकर कारखान्यात वापरताना पुढील अडचणी वारंवार येतात.

पहिली अडचण निवडीची आहे. विकर ज्या द्रव्यावर क्रिया करते त्याला कार्यद्रव्य म्हणतात. कारखान्यातील कार्यद्रव्य हे पेशीतील नैसर्गिक कार्यद्रव्यापेक्षा वेगळे असेल, तर विकराची निवड सैल पडते किंवा उलट दिशेलाही झुकते.

दुसरी अडचण टिकाऊपणाची आहे. उष्णता, ऑक्सिजन, धातूंचे आयन, तीव्र द्रावणे आणि सततचे ढवळणे यांमुळे विकराची घडी मोडते व ते निष्क्रिय होते. विकर महाग असल्याने ते किती तास किंवा किती आठवडे काम देते, यावर उत्पादनाची किंमत अवलंबून असते.

तिसरी अडचण नियंत्रणाची आहे. पेशीत एखादे ॲमिनो आम्ल पुरेसे साठले की ते स्वतःच आपल्या निर्मितिसाखळीतील आरंभीच्या विकराला चिकटून त्याचे काम थांबवते. याला प्रतिभरण निरोध म्हणतात. पेशीच्या दृष्टीने ही काटकसर आहे. किण्वन करणाऱ्या उत्पादकाच्या दृष्टीने तो अडसर आहे.

चौथी अडचण परावलंबनाची आहे. काही विकरांना सहविकर नावाचे महाग साहाय्यक रेणू लागतात, तर काही विकरे दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनेच नीट काम करतात.

विकरांत बदल करण्याच्या पद्धती

विकराची रचना त्याच्या जनुकात नोंदलेली असते. जनुकातील डीएनएच्या क्रमात बदल केला की विकराच्या साखळीतील ठरावीक जागचे ॲमिनो आम्ल बदलते. हे बदल करण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

स्थाननिर्देशित उत्परिवर्तन : विकराची त्रिमितीय रचना व कार्यपद्धती माहीत असल्यास कोणत्या जागी बदल करावा याचा अंदाज बांधून नेमका तोच बदल केला जातो. हे तंत्र कॅनडातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल स्मिथ यांनी विकसित केले. त्यासाठी त्यांना १९९३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निर्देशित उत्क्रांती : या पद्धतीत विकराच्या जनुकात यादृच्छिक बदल घडवून हजारो पर्यायी रूपे तयार करतात, त्यांची चाचणी घेतात, सर्वांत चांगली रूपे निवडतात आणि त्यांच्यावर हीच प्रक्रिया पुन्हा करतात. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम बियाणे निवडून पिकाचा कस सुधारत आला, त्याच तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन या विकरावर असे प्रयोग केले. डायमिथिलफॉर्मामाइड या कार्बनी द्रावकाचे प्रमाण ६० टक्के असलेल्या द्रावणात मूळ विकराच्या २५६ पट काम करणारे रूप त्यांना मिळाले. २०१८चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून देण्यात आले.

संतृप्त उत्परिवर्तन : महत्त्वाची ठरलेली एक जागा निवडून तेथे वीसही ॲमिनो आम्ले आळीपाळीने बसवून पाहणे, ही वरील दोन्ही पद्धतींना जोडणारी रीत आहे.

अलीकडे संगणकाच्या साहाय्याने विकराची रचना वर्तवणे व नवे बदल सुचवणे शक्य झाले आहे. प्रथिनांची संगणकीय रचना व त्यांच्या घडीचे पूर्वानुमान या कार्यांसाठी २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हासाबिस व जॉन जंपर यांना देण्यात आले.

कोणत्याही पद्धतीत चाचणीचे महत्त्व सर्वाधिक असते. हजारो रूपांतून योग्य रूप शोधायचे असल्याने चाचणी जलद व सोपी असावी लागते. उदाहरणार्थ, क्रियेतून आम्ल तयार होत असेल तर द्रावणाचा सामू उतरतो आणि रंग बदलणाऱ्या दर्शकावरून कोणत्या खाचेतील विकर अधिक वेगवान आहे हे कळते. मात्र चाचणी ज्या गुणाची घेतली जाते तोच गुण सुधारतो. केवळ वेग मोजला तर वेग वाढेल, निवडक्षमता वाढेलच असे नाही. म्हणून एल व डी अशा दोन्ही रूपांवर स्वतंत्रपणे चाचणी घ्यावी लागते.

उदाहरणे

एल-मिथिओनिन व हायडँटॉइनेज

हायडँटॉइन ही वलयाकार संयुगे आल्डिहाइडपासून रासायनिक पद्धतीने स्वस्तात बनवता येतात. त्यांच्यापासून तीन विकरांच्या साहाय्याने ॲमिनो आम्ल मिळते. हायडँटॉइनेज हे विकर वलय उघडते व कार्बामॉयल-ॲमिनो आम्ल हे मध्यस्थ द्रव्य तयार होते. कार्बामॉयलेज हे विकर त्यातील कार्बामॉयल गट काढून ॲमिनो आम्ल मोकळे करते. रॅसिमेज हे तिसरे विकर हायडँटॉइनच्या डी व एल रूपांचे एकमेकांत रूपांतर करत राहते. तत्त्वतः या साखळीत अर्धा माल वाया न जाता सर्व कच्च्या मालाचे हव्या त्या रूपात रूपांतर होऊ शकते. मिश्र आम्लाचे दोन भाग करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत हा मोठा लाभ आहे, कारण त्या पद्धतीत एका फेरीत निम्म्याहून अधिक उत्पादन मिळूच शकत नाही.

प्रत्यक्षात मिथिओनिनच्या बाबतीत एक अडचण होती. मिथिओनिनशी संबंधित हायडँटॉइनवर काम करणारी तोपर्यंत ज्ञात असलेली सर्व हायडँटॉइनेज विकरे डी-रूपाला प्राधान्य देत. परिणामी प्रथम डी-कार्बामॉयल मिथिओनिन तयार होई. साखळीतील कार्बामॉयलेज हे केवळ एल-रूप स्वीकारणारे असल्याने हे मध्यस्थ द्रव्य पुढे न सरकता साचून राही आणि उत्पादन मंदावे.

फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेत ऑलिव्हर मे व सहकाऱ्यांनी आर्थ्रोबॅक्टर या जिवाणूच्या हायडँटॉइनेजवर यादृच्छिक व संतृप्त उत्परिवर्तनाचे प्रयोग केले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार डी-रूपाकडे झुकणाऱ्या विकराची निवड उलटवून त्याला एल-रूपाकडे वळवण्यात यश आले आणि त्याची एकूण कार्यक्षमता पाचपट वाढली. हे बदललेले विकर, एल-कार्बामॉयलेज व रॅसिमेज अशी तिन्ही विकरे एश्चेरिकिया कोलायच्या एकाच पेशीत बसवण्यात आली. लिटरमागे १०० मिलिमोल मिश्र हायडँटॉइनपासून या पेशींनी दोन तासांच्या आत ९१ मिलिमोल, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम, एल-मिथिओनिन तयार केले. साचणाऱ्या डी-मध्यस्थाचे प्रमाण पूर्वीच्या एकचतुर्थांशावर आले.

साखळीतील प्रत्येक विकर परिपूर्ण असण्याची गरज नसते, हे या उदाहरणावरून कळते. अंतिम पायरीवरील कार्बामॉयलेज केवळ एल-रूप पुढे जाऊ देत असल्याने शुद्धता तेथे राखली जात होती. हायडँटॉइनेजची निवड उलटल्याने साखळीतील अडथळा दूर झाला आणि वेग वाढला. कोणत्या पायरीवर शुद्धता ठरते व कोणत्या पायरीवर वेग अडतो, हे ओळखणे म्हणूनच बदलाच्या आधीचे महत्त्वाचे काम असते.

डी-पॅराहायड्रॉक्सिफिनिलग्लायसीन

ॲमॉक्सिसिलीन हे प्रतिजैविक बनवताना डी-पॅराहायड्रॉक्सिफिनिलग्लायसीन या ॲमिनो आम्लाची जोड द्यावी लागते. येथे हवे असते ते डी-रूप. याच्याशी संबंधित हायडँटॉइन सौम्य अल्कधर्मी द्रावणात आपोआप एका रूपातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे स्वतंत्र रॅसिमेजची गरज भासत नाही. आरंभीच्या औद्योगिक प्रक्रियेत वलय उघडण्यासाठी डी-हायडँटॉइनेज वापरत, परंतु दुसऱ्या पायरीवर नायट्रस आम्लाचा रासायनिक उपयोग करावा लागे व त्यातून क्षारयुक्त सांडपाणी निर्माण होई. ही पायरी विकराने करण्यात मुख्य अडचण अशी होती की नैसर्गिक डी-कार्बामॉयलेज उष्णतेत लवकर निष्क्रिय होई.

जपानमधील कानेका कंपनीच्या संशोधकांनी अग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या कार्बामॉयलेजवर उत्परिवर्तनाचे प्रयोग करून उष्णतेत टिकण्यास मदत करणाऱ्या जागा शोधल्या. साखळीतील ५७, २०३ व २३६ क्रमांकांच्या जागांवरील बदल एकत्र केल्यावर हे विकर बरेच अधिक टिकाऊ झाले. निश्चलीकृत स्वरूपात ते पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले आणि १९९०च्या दशकात दोन्ही पायऱ्या विकरांनी करणारी प्रक्रिया प्रत्यक्षात आली.

एल-टर्ट-ल्युसीन

टर्ट-ल्युसीन हे निसर्गातील प्रथिनांत न आढळणारे ॲमिनो आम्ल आहे. एचआयव्हीवरील अटाझानाविर आणि कोविड-१९वरील निर्माट्रेल्व्हिर या औषधांच्या रेणूंत त्याचा घटक म्हणून समावेश असतो. किण्वन करणाऱ्या सूक्ष्मजीवांत त्याची नैसर्गिक निर्मितिसाखळी नसल्याने विकरपद्धत येथे विशेष उपयुक्त ठरते. ल्युसीन डिहायड्रोजनेज हे विकर ट्रायमिथिलपायरुव्हिक आम्ल व अमोनिया यांपासून एल-टर्ट-ल्युसीन बनवते. त्यासाठी एनएडीएच हे सहविकर खर्ची पडते. ते इतके महाग असते की एकदा वापरून टाकून देणे परवडणारे नाही. म्हणून फॉर्मेट डिहायड्रोजनेज हे दुसरे विकर त्याच भांड्यात वापरतात. ते फॉर्मिक आम्लाच्या क्षारापासून सहविकर पुन्हा घडवते. उपपदार्थ म्हणून केवळ कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. जर्मनीतील मारिया-रेगिना कुला व ख्रिश्चन वांड्रे यांच्या संशोधनातून ही प्रक्रिया आकारास आली आणि डेगुसा या कंपनीने ती औद्योगिक प्रमाणावर वापरली.

कँडिडा बॉइडिनाय या यीस्टपासून मिळणारे फॉर्मेट डिहायड्रोजनेज या प्रक्रियेतील दुबळा दुवा होते. त्यातील सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन विकर निष्क्रिय होई. कुला, मार्टिना पोल व सहकाऱ्यांनी २००० मध्ये २३ व २६२ क्रमांकांच्या जागी असलेल्या सिस्टीनऐवजी दुसरी ॲमिनो आम्ले बसवून ते अधिक टिकाऊ केले. दोष नेमका कोठे आहे हे माहीत असल्याने येथे हजारो रूपे तपासण्याऐवजी स्थाननिर्देशित उत्परिवर्तन पुरेसे झाले. जैविक उत्प्रेरकांवरील कार्यासाठी कुला व पोल यांना २००२ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या वतीने दिला जाणारा जर्मन फ्यूचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला.

एल-लायसीन

किण्वनाने मिळणाऱ्या आम्लांसाठी पेशीच्या आतील विकरांत बदल करावे लागतात. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकममध्ये लायसीनच्या निर्मितीची सुरुवात अस्पार्टोकायनेज या विकरापासून होते. लायसीन व थ्रिओनिन दोन्ही साठले की हे विकर बंद पडते. पूर्वी लायसीनसारख्या दिसणाऱ्या विषारी द्रव्यात जिवाणू वाढवून, जे तगतील त्यांतून हा निरोध न मानणारी वाणे निवडली जात. त्यांत अनेक अनावश्यक व घातक उत्परिवर्तनेही साचत असल्याने अशा वाणांची वाढ मंद होई.

क्योवा हाक्कोच्या संशोधकांनी २००२ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. उच्च उत्पादन देणाऱ्या जुन्या वाणाच्या जनुकांची मूळ वन्य वाणाशी तुलना करून त्यांनी उपयुक्त बदल वेचले व तेवढेच बदल निरोगी वन्य वाणात बसवले. अस्पार्टोकायनेजच्या ३११व्या जागेवरील बदलाने निरोध दूर झाला. होमोसेरीन डिहायड्रोजनेजच्या ५९व्या जागेवरील बदलाने थ्रिओनिनकडे जाणारा प्रवाह मंदावला. पायरुव्हेट कार्बॉक्झिलेजच्या ४५८व्या जागेवरील बदलाने कच्च्या मालाचा पुरवठा वाढला. तीन विकरांत प्रत्येकी एक बदल असलेल्या या वाणाने २७ तासांत लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम लायसीन दिले.

ट्रिप्टोफॅन व त्याची रूपांतरे

ट्रिप्टोफॅन सिंथेज हे विकर दोन प्रकारच्या उपघटकांचे बनलेले असते. त्यातील बीटा उपघटक इंडोल व सेरीन यांना जोडून ट्रिप्टोफॅन बनवतो, परंतु अल्फा उपघटकापासून वेगळा केल्यास त्याची कार्यक्षमता बरीच घटते. २०१५ मध्ये अर्नोल्ड यांच्या गटाने पायरोकॉकस फ्युरिओसस या अतितप्त सागरी झऱ्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचा बीटा उपघटक निर्देशित उत्क्रांतीने स्वतंत्रपणे काम करणारा बनवला. उष्णतेत टिकणारे मूळ विकर निवडण्याचा लाभ असा, की त्याची घडी मुळातच भक्कम असल्याने ते अनेक बदल सहन करू शकते. इंडोलऐवजी त्याची वेगवेगळी रूपे देऊन ट्रिप्टोफॅनसदृश, निसर्गात न आढळणारी अनेक ॲमिनो आम्ले अशा विकरांनी एल-रूपात मिळवता येतात.

मर्यादा

विकरात केलेला प्रत्येक बदल लाभदायकच असतो असे नाही. यादृच्छिक बदलांपैकी बहुसंख्य निरुपयोगी किंवा हानिकारक असतात. अनेकदा कार्यक्षमता वाढवणाऱ्या बदलाने टिकाऊपणा घटतो आणि तो भरून काढण्यासाठी आणखी बदल करावे लागतात. प्रयोगशाळेतील लहान खाचांत उत्तम ठरलेले विकर हजारो लिटरच्या टाकीत तसेच वागेल याचीही खात्री नसते. तेथे कार्यद्रव्याचे प्रमाण, सामू, तापमान व ढवळण्याची पद्धत या सर्वांचा परिणाम होतो.

विकर कितीही निवडक असले, तरी उत्पादनातील शुद्धीकरणाच्या पायऱ्या टळत नाहीत. पेशींचे अवशेष, क्षार, न वापरलेला कच्चा माल व रंगद्रव्ये काढून टाकण्यासाठी गाळण, आयन-विनिमय, सक्रिय कोळसा व स्फटिकीकरण यांचा अवलंब करावा लागतो. चांगल्या विकरामुळे या पायऱ्यांवरील भार हलका होतो, कारण प्रतिबिंबरूपासारखी जी अशुद्धी शेवटी वेगळी करणे सर्वांत कठीण, ती मुळात निर्माणच होत नाही. उरलेल्या अशुद्धी ओळखून दूर करण्याचे काम मात्र विश्लेषणाचे व शुद्धीकरणाचेच राहते. औषध व आहार म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲमिनो आम्लांच्या बाबतीत या दोहोंना सारखेच महत्त्व आहे.